‘असणे’ आणि त्याचे दोन पर्याय

इंग्रजीतील ‘टु बी’ हे क्रियापद स्पॅनिशमध्ये येताच दुभंगते : एक स्वरूप सांगणारे ‘सेर’ आणि दुसरे स्थिती वा स्थान सांगणारे ‘एस्तार’. पहिले शाश्वताचे व दुसरे क्षणिकाचे, हा प्रचलित नियम सुलभ खरा. परंतु तो अपुरा आहे. मृत्यूहून कायमची अवस्था कोणती? तरीही मृताविषयी बोलताना स्पॅनिश भाषा ‘एस्तार’च योजते, कारण मृतावस्था ही घडून आलेल्या बदलाची परिणती होय. ‘लिस्तो’ हे विशेषण ‘सेर’सह हुशारी, तर ‘एस्तार’सह सिद्धता दर्शविते.

या भेदाची खरी कसोटी हॅम्लेटच्या विख्यात स्वगतात लागते. स्पॅनिश नाटककार मोरातीन याने १७९८ च्या आपल्या अनुवादात ‘एक्सिस्तीर’, म्हणजे अस्तित्वात असणे, हे तिसरेच क्रियापद निवडले. अर्थ निःसंदिग्ध झाला. पण प्रश्न जगण्यामरण्यापुरता आकुंचित झाला. पुढे रूढ झालेल्या ‘सेर’ने मूळची मोकळीक पुष्कळशी राखली. ‘एस्तार’ने मात्र ‘कोठे?’, ‘कसा?’ अशी पुरवणी मागितली असती.

मराठीलाही हा पेच सर्वस्वी परका नाही. ‘हा आंबा गोड आहे’ आणि ‘आंबा गोड असतो’ यांतील अंतर इंग्रजीचे एकच क्रियारूप झाकून टाकते. तथापि मराठीचा भेद प्रस्तुत आणि सामान्य यांचा, तर स्पॅनिशचा स्वरूप आणि अवस्था यांचा. म्हणून कोशातील प्रतिशब्द हा केवळ आरंभ होय. मूळ वाक्यास काय अभिप्रेत आहे, याचा निर्णय अनुवादकास टीकाकाराच्या जबाबदारीनेच करावा लागतो.