समुद्राकडे पाठ

आमच्या कॅशियरसाहेबांच्या फोटोंना विषय दोनच. सामने आणि समुद्र. चाळीस वर्षांत तिसरा विषय कधी कॅमेऱ्यासमोर आलाच असेल तर तो स्वतःहून आला असेल, त्याला बोलावणं गेलेलं नाही. कसब्यात कर्णेश्वराचं देऊळ शेकडो वर्षांचं कोरीवकाम अंगावर वागवीत उभं आहे. कुठून कुठून माणसं येऊन त्याचे फोटो काढतात. कॅशियरसाहेब चार पावलांवर राहतात, पण देवळाकडे त्यांनी कॅमेरा म्हणून कधी वळवला नाही. “ते कुठे पळून चाललंय?” असं त्यांचं म्हणणं.

जे पळतं त्याचाच फोटो काढायचा, हे त्यांचं कलाविषयक धोरण. या धोरणात कबड्डी बसते, भात कापल्यावर मळ्यात चालणारं टेनिसबॉलचं क्रिकेट बसतं, आणि लाटा हलतात म्हणून ओढूनताणून समुद्रही बसतो. मात्र गणपतीपुळ्याच्या वाळूत एका ओळीत, हात मांड्यांना चिकटवून उभे केलेले सोळा नातेवाईक त्यात कुठे बसतात, हे मला आजवर कळलेलं नाही. पळणं सोडाच, त्यांतल्या कित्येकांनी श्वाससुद्धा रोखलेला आहे.

हे सगळं मी इतक्या बारकाईने पाहिलं, कारण निवृत्तीच्या आधी या फोटोंचं संगमेश्वरात प्रदर्शन भरवायचं आहे. चार ट्रंकांतून चाळीस फोटो निवडायचे आणि त्यावर ‘चार शब्द’ लिहायचे, ही कामगिरी माझ्याकडे आली. का, तर शाखेत बी.कॉम. बरेच आहेत, पण बी.कॉम. असूनही लिहिणारा मी एकटाच. आता ‘चार शब्द’ म्हणजे कौतुकाचेच, हे उभ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ते मी वेगळ्या कागदावर, सभ्य अक्षरात लिहीन. पण दुसऱ्याच्या हिशेबातला फरक शोधायचा पगार वीस वर्षं घेतल्यावर चार ट्रंका समोर आल्या की हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. त्यातून कॅशियरसाहेबांनी प्रत्येक फोटोच्या पाठीवर बँकेच्या शिस्तीत शेरा मारून ठेवलेला. एक तर ‘पास’, नाही तर ‘वाया’. मी शेरे न बघता चाळीस फोटो निवडले. मग उलटून पाहिले, तर तेहतीस ‘वाया’! त्यांनी निवडलेल्या चाळिसांत सव्वीस सूर्यास्त होते. सूर्य रोज मावळतो, हे संगमेश्वरच्या जनतेला दाखवायला सव्वीस पुरावे कशाला?

छंद तसा घरंदाज आहे हो. घराणं कॅशियरसाहेबांचं नव्हे, महाराष्ट्राचं. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, भारावून गेले. फोटोचा व्यवसाय हातात होताच. त्यांनी विलायतेहून हलती चित्रं घेणारा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली पहिलं काय टिपलं? तर हँगिंग गार्डनमधली कुस्ती. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची. फिल्म धुवायलासुद्धा विलायतेला पाठवावी लागली. म्हणजे इकडे पैलवानांची हाडं जागेवर येऊन दुसऱ्या कुस्त्या होऊन गेल्या असतील, तरी पहिलीचा फोटो बोटीतच. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं चौपाटीवर स्वागत झालं, तेही सावेदादांनी टिपलं. हे परांजपे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे. थोडक्यात, आपल्याकडची हलती चित्रं सुरू झाली ती एका सामन्यापासून, आणि दोन वर्षांत समुद्रावर पोचली. राजा हरिश्चंद्राला १९१३ पर्यंत थांबावं लागलं. कॅशियरसाहेबांना ही माहिती दिली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि “बघ, मी सांगत नव्हतो?” म्हणाले. त्यांनी काय सांगितलं होतं, ते मला आठवत नाही.

आता मालाकडे वळू.

पहिल्या ट्रंकेत वडिलांच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीवर काढलेले चौकोनी काळेपांढरे फोटो आहेत. या कॅमेऱ्यात फारसं काही नव्हतं, आणि तीच त्याची थोरवी. ऊन किंवा ढग, एवढ्या दोनच खुणा. शटर गरिबाचं. एका रोलमध्ये बारा फोटो. आता साधा हिशेब करा. कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. एक चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची. म्हणजे निदान ऐंशी चढाया, आणि फोटो बारा. साताठ चढायांमागे एक! पुन्हा रोल धुवायचे पैसे वडिलांकडे मागायचे. मग माणूस बोट दाबण्याआधी विचार करतो, आणि नुसता विचार करून भागत नाही, कारण विचार होईपर्यंत चढाई करणारा मध्यरेषा ओलांडून परत गेलेला असतो. पुढचं आधीच दिसावं लागतं.

ते कॅशियरसाहेबांना दिसे, कारण कॉलेजात असताना ते स्वतः डाव्या कोपऱ्यात खेळत. कोपऱ्यात खेळणारा माणूस चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही, पायाच्या अंगठ्याकडे बघतो. तोंड खोटं बोलतं, अंगठा बोलत नाही. (काउंटरवर नोटा मोजतानाही ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाहीत, याचं कारण मला इथे सापडलं.) त्यामुळे या फोटोंत बोनस रेषेवर गेलेला पाय जमिनीला टेकायचा आहे, पकड व्हायची आहे, साखळीतल्या दोघांनी हात घट्ट केलेत आणि तिसऱ्याला अजून पत्ता नाही, असे सगळे ‘होता होता’चे क्षण आहेत. चढाई करणाऱ्याचा हात बहुतेक ठिकाणी फिसकटलेला आहे. फिसकटणारच. सेकंदाला पाच मीटर जाणारा हात सेकंदाच्या पन्नासाव्या भागात दहा सेंटिमीटर सरकतो, म्हणजे चार-पाच बोटं. कॅशियरसाहेब म्हणतात, हात हलला, फोटो वाया. अहो, चढाईत हात हलणार नाही तर काय सत्यनारायणाला बसल्यासारखा मांडीवर राहणार? गोठलेला हात पाहायचा असेल तर गावात पुतळे आहेत.

आणखी एक गोष्ट या कॅमेऱ्याने त्यांच्या नकळत केली. त्याला लांबचं जवळ आणता येत नसे. त्यामुळे सात खेळाडू हवे असतील तर त्यांच्यामागचं सगळं गावही घ्यावं लागे. फक्कीच्या रेषेला खेटून बसलेली पोरं, मागे लुंगीवाले, त्यांच्यामागे धोतरवाले, गडग्यावर चढलेले, फणसावर चढलेले, आणि पंचाशी हुज्जत घालणारा एक जण, जो प्रत्येक फोटोत आहे. कॅमेरा आपल्यावर रोखलाय हे यांतल्या एकालाही ठाऊक नाही. सगळे बघतायत पकडीकडे. तोंडं उघडी, मुठी वळलेल्या. एकाची विडी बोटाला पोचली तरी त्याला शुद्ध नाही.

मला विचाराल तर कॅशियरसाहेबांनी चाळीस वर्षांत जी कमाई केली ती या कडेच्या मंडळींत आहे. मला कशाला विचारता, गावाला विचारा. घरातलं माणूस गेलं की तेराव्याच्या आत भिंतीवर फ्रेम लागावी लागते. मग मुलगा विरारहून किंवा डोंबिवलीहून येतो आणि कॅशियरसाहेबांकडे जातो. “काका, आमच्या बाबांचा एखादा बरा फोटो असेल का?” कॅशियरसाहेब आधी गणपतीपुळ्याचे ‘पास’ शेऱ्याचे काढतात. मुलगा बघतो आणि गप्प राहतो. त्यात बाबा आहेत, पण ते बाबांसारखे नाहीत. कुणीतरी त्यांच्याकडून बाबांची सही करून घेतल्यासारखे दिसतात. मग कधीतरी मे महिन्यातल्या सामन्याचा फोटो निघतो. चाकरमानी विरुद्ध गाववाले. तिसऱ्या रांगेत, अगदी कडेला, खांद्यावर पोर घेऊन तोंड फाडून हसणारे बाबा. मुलगा म्हणतो, “हाच.” खांद्यावरचं पोर म्हणजे तोच. नखाएवढा चेहरा मोठा केला की रव्यासारखे दाणे पडतात, एक कान शेजाऱ्याच्या टोपीमागे राहतो, पण फ्रेम तीच लागते. असे निदान पंधरा फोटो मला ठाऊक असलेल्या भिंतींवर आहेत. निगेटिव्ह ज्या पाकिटात, त्यावर शेरा ‘वाया’.

यावर समुद्राचे फोटो पाहिले की प्रश्न पडतो, हाच माणूस निवळी फाटा ओलांडला की असा कसा होतो? शास्त्री नदी आमच्या गावाला वळसा घालून जयगडला समुद्राला मिळते. ती बिचारी रोज जाते. आम्ही वर्षातून एकदा, गाडी ठरवून. आणि इथेच घोटाळा आहे. ज्यासाठी पैसे मोजले त्याची पावती लागते. समुद्रावरचा फोटो ही पावती असते. मिळाले: समुद्र एक, माणसं सोळा, पैकी मुलं पाच. पावतीवर कुणी हसत नाही.

शिवाय दिशेचा प्रश्न. कोकणचा समुद्र पश्चिमेला, ही काही गुप्त बातमी नव्हे. सहलीची मंडळी सकाळी निघतात, दर्शन, प्रदक्षिणा, मोदक, जेवण, मग मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात आरडाओरडा, आणि चार-पाचला पुन्हा पुळ्याच्या वाळूवर. सूर्य तेव्हा बरोबर समुद्रावर. समुद्र फोटोत यायलाच हवा, म्हणून मंडळी समुद्राकडे पाठ करून उभी. परिणामी कॅमेऱ्याच्या डोळ्यात सूर्य आणि माणसांची तोंडं डांबरासारखी. एका फोटोत मधली व्यक्ती मेहुणे की मेव्हणी, यावर आमचा अर्धा तास गेला. खुद्द पुळ्याचा गणपती पश्चिमेकडे तोंड करून बसलाय, सरळ समुद्राकडे बघत. ज्याच्या दर्शनाला एवढी यातायात केली त्याच्यापासून एवढी साधी गोष्ट उचलायला काय हरकत होती? मंडळींना समुद्राकडे तोंड करून उभं करा, स्वतः ढोपरभर पाण्यात जा. चेहऱ्यावर सोन्यासारखं ऊन येईल. समुद्र फोटोत दिसणार नाही म्हणता? त्यांच्या तोंडावर दिसेल की! सामन्यातसुद्धा तुमच्या उत्तम फोटोंत पकड कुठे नीट दिसते? ती दिसते ती बघणाऱ्यांच्या तोंडावर.

चौथी ट्रंक म्हणजे खरं तर ट्रंक नव्हे, संगणकाची डबी आहे. मुलाने बक्षीस दिलेला नवा कॅमेरा सेकंदाला आठ फोटो घेतो, म्हणजे तीस सेकंदांच्या एका चढाईचे दोनशे चाळीस. त्याला हातभर लांब लेन्स आहे. तिच्यातून चढाई करणाऱ्याच्या भुवईवरचा घाम मोजता येतो. फोटो स्वच्छ, हात स्थिर, मागे हिरवा-तपकिरी धूर. त्या धुरात आमचं गाव आहे. कॅशियरसाहेब या धुरावर बेहद्द खूश आहेत. याला म्हणे फार पैसे पडतात. पडत असतील. पण पुढे कुणाचा मुलगा डोंबिवलीहून आला तर त्याला या धुरातून बाबा कसे काढून देणार, हे मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी विषय बदलला.

त्यांच्या समाधानासाठी मी एक परदेशी दाखलाही दिला. फ्रान्समध्ये लार्तिग नावाचा एक हौशी माणूस होऊन गेला. १८९४ चा जन्म. पोरवयापासून काढायचा काय, तर मोटारींच्या शर्यती आणि समुद्रकिनाऱ्यावरची घरची माणसं. म्हणजे त्यांचा कॅशियरच. १९१२ च्या सुमारास त्याने एका शर्यतीच्या गाडीचा फोटो काढला. गाडीबरोबर कॅमेरा फिरवला, शटरची फट वेगळ्याच दिशेने सरकली, आणि गाडीचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलं, मागची माणसं आणि खांब उलटे कलले. वर गाडी अर्धी कापली गेली. त्याने तो बिघडलेला म्हणून बाजूला ठेवला होता, असं सांगतात. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्याचं प्रदर्शन झालं तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता, आणि वेगाचा फोटो म्हटला की आज जगात तोच फोटो दाखवतात. कॅशियरसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “अरे, एकोणसत्तरला अजून दहा वर्षं आहेत मला.”

निवड आता एकोणचाळिसांवर ठरली आहे. सूर्यास्त सव्वीसवरून चारावर आणले. चाळिसाव्यावर गाडी अडली आहे. तो समुद्राचा आहे, क्लिक थ्रीचा, आणि माझ्या मते सगळ्या ट्रंकांतला पहिल्या नंबरचा. सोळाजणांची ओळ लागली होती. सगळे मावावेत म्हणून कॅशियरसाहेब मागे मागे सरकत होते. तेवढ्यात लाट आली, परतताना तिने आत्येच्या पायाखालची वाळू ओढून नेली, आत्येने नऊवारी गुडघ्यापर्यंत उचलली आणि आधाराला म्हणून जवळून जाणाऱ्या अनोळखी चणेवाल्याचं मनगट पकडलं. कोपऱ्यात पकडतात तसं, दोन्ही हातांनी. ओळ मोडली. पंधराच्या पंधरा जण समुद्र, सूर्य, कॅमेरा सगळं विसरून तिच्याकडे वळले आणि खिदळतायत. चणेवाल्याच्या टोपलीतून चणे उडालेत. आत्ये तर चक्क वीस वर्षांची दिसते. कॅशियरसाहेबांचं कोपऱ्यातलं बोट आपोआप दाबलं गेलं असणार. पाठीवर अर्थातच ‘वाया’.

त्यांना मी कसंबसं राजी केलं. पण आत्ये अजून आहेत, नव्वदीला टेकल्या आहेत, आणि त्यांची परवानगी हवी म्हणून आम्ही दोघे फोटो घेऊन गेलो. त्यांनी तो खिडकीशी नेऊन, डोळ्यांपाशी धरून खूप वेळ पाहिला. चणेवाल्यावर बोट ठेवून स्वतःशीच हसल्या. मग फोटो पदराखाली घातला आणि भाच्याला म्हणाल्या, “मेल्या, माझे पाय कशाला दाखवतोस लोकांना?”

फोटो अजून पदराखालीच आहे.