निरवशेष न झालेलं नाणं

गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षहरात नहपानाचा पाडाव केला, हे शाळेत एका ओळीत संपलं होतं. त्या ओळीमागे दोन पुरावे आहेत आणि ते एकमेकांशी नीटसे जुळत नाहीत.

पहिला नाशिकच्या पांडवलेण्यांतला, गौतमी बलश्रीचा लेख. नातू पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षातला. आपल्या मुलानं शक, यवन, पह्लवांचा नाश केला, क्षहरात वंश निरवशेष केला, असं ती सांगते. आईनं कोरवलेली प्रशस्ती. सूर चढा लागणारच.

दुसरा पुरावा 1906 साली नाशिक जिल्ह्यातच, जोगळटेंभीला सापडला. नहपानाची 13,000हून अधिक चांदीची नाणी. त्यातल्या 9,000हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपली चिन्हं ठोकलेली: एकीकडे तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. नाणी वितळवली मात्र नाहीत.

मी मानखुर्दला राहतो, पोटासाठी कोड लिहितो. लोकलमध्ये उभ्यानं या नाण्यांचे फोटो मोठे करून बघत असतो. कित्येकांवर डोंगराखालून नहपानाचा चेहरा डोकावतो. कडेला ग्रीक अक्षरं, पण भाषा प्राकृत. आपण व्हॉट्सॅपवर रोमन लिपीत मराठी टाइप करतो तशी.

मागच्या बाजूला बाण आणि वज्र. ग्रीकांकडे वज्र हे झ्यूसचं आयुध. मिनँडरच्या, म्हणजे आपल्या मिलिंदाच्या, चांदीच्या नाण्यांवर झ्यूसची मुलगी अथेना ते फेकताना दिसते. ती जुनी नाणी भडोचच्या बाजारात अजून चालतात, असं 'पेरिप्लस'चा ग्रीक लेखक नोंदवतो. नहपानाच्या नाण्यावर देवी नाही, तिचा हात नाही, नुसतं वज्र उरलंय. इथल्या एखाद्यानं ते इंद्राचं मानलं असेल, तर त्याचं काय चुकलं?

कुणी म्हणेल, वितळवण्यापेक्षा शिक्का मारणं स्वस्त होतं, एवढंच. मान्य. चालती सिस्टीम आम्हीही मुळापासून उखडत नाही. पण म्हणूनच माझा नाण्यावर जास्त विश्वास आहे. लेखाला फक्त गौरव करायचा होता, नाण्याला बाजारात चालायचं होतं.

परकं ते सगळं पुसून टाकू, असं आज कुणी म्हणालं की त्याच्या तोंडी लेखाची भाषा असते. गौतमीपुत्रानं स्वतः जे चलनात आणलं, त्यावर त्याचा डोंगर, शत्रूचं नाक आणि झ्यूसचं वज्र एकत्रच नांदत होते.