फर्मर यांचा मँगनीज-ग्रंथ : घटक, पुरावा आणि निष्कर्ष

भारतीय मँगनीज खनिजावरील लेखनाची चर्चा एल. एल. फर्मर यांच्या १९०९ च्या ग्रंथापासून सुरू करावी लागते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाने अभ्यासकांना 'गोंडाइट' आणि 'कोडुराइट' ही दोन नावे दिली. पहिले नाव मध्य भारतातील गोंड समाजावरून, तर दुसरे विजयनगरम भागातील कोडूर या गावावरून आले.

या दोन नावांमागील निष्कर्षांचे भवितव्य मात्र वेगळे ठरले. गोंडाइटमध्ये मुख्यतः मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ असते. हा खडक मूळच्या मँगनीजयुक्त गाळाचे रूपांतर होऊन बनला, हे फर्मर यांचे मत टिकले. कोडुराइट त्यांनी अग्निजन्य मानला. त्यातील फेल्डस्पार आणि अॅपेटाइट पाहता ते स्वाभाविक वाटते. परंतु पुढील अभ्यासकांनी येथेही मूळ गाळाचाच धागा शोधला. खडकात काय आहे यावरून तो कसा बनला हे थेट ठरत नाही, हा यातील बोध होय.

भूरसायनशास्त्राने या प्रश्नाला नवी साधने दिली. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात मँगनीज विरघळलेले राहते, प्राणवायू मिळताच ऑक्साइडरूपाने खाली बसते. लोह त्याआधीच साका धरते. म्हणून दोन्ही धातू वेगळे होतात. समुद्राच्या पाण्यातून सावकाश साचलेल्या ऑक्साइडमध्ये कोबाल्ट, निकेल आणि सेरियम तुलनेने अधिक असते. उष्ण द्रावातून जलद साचलेल्या ऑक्साइडमध्ये ते सामान्यतः कमी आढळते.

या भेदावर आधारलेल्या त्रिकोणी आकृत्या १९७० च्या दशकापासून रूढ आहेत. आमचा आक्षेप त्यांच्या सरसकट वापरावर आहे. त्या प्रामुख्याने सागरतळावरील तरुण निक्षेपांवरून तयार झाल्या. नागपूर, भंडारा, बालाघाट पट्ट्यातील खनिज प्रीकेंब्रियन काळातील असून उष्णता व दाबातून गेलेले आहे. त्यावर पुढे हवामानाचेही संस्कार झाले. गोव्यात तर जांभ्याच्या निर्मितीबरोबर मँगनीजचे पुनर्संचयन झाले. अशा नमुन्याचा बिंदू आकृतीवर टाकून उगम सांगणे, म्हणजे कित्येकदा नक्कल झालेल्या हस्तलिखिताच्या शेवटच्या प्रतीवरून मूळ लेखकाची भाषाशैली ठरवणे होय.

सुप्रिया रॉय यांचा १९८१ चा मँगनीज निक्षेपांवरील ग्रंथ या दृष्टीने वाचनीय आहे. निक्षेपांचा विचार तो खनिजविज्ञान, भूरसायन आणि भूरचना यांच्या एकत्रित आधारे करतो. थरांचा क्रम आणि शेजारचे खडक तपासल्यावरच रासायनिक आकडे बोलू लागतात.

महाविद्यालयीन शिक्षकांनी वर्गात फर्मर यांचे दोन्ही निष्कर्ष एकत्र मांडावेत. एकाच विद्वानाचे एक मत टिकले आणि दुसरे बदलले, हे पाहिल्यावर विद्यार्थ्याला ग्रंथाचा आदर राखूनही पुरावा मागता येतो.