‘ह्योसोन किर्याकु’ : नाविकाची वाणी आणि चित्रकाराची रेषा

जपानी प्रवासवाङ्मयात ‘ह्योसोन किर्याकु’ या १८५२ सालच्या ग्रंथास विशेष स्थान आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘आग्नेयेकडे वाहत गेल्याचा संक्षिप्त वृत्तान्त’ असा होतो. अमेरिकेविषयी जपानी भाषेत झालेले एक आरंभीचे सविस्तर निवेदन म्हणून इतिहासकार त्याचा उपयोग करतात. हा उपयोग योग्यच आहे. परंतु त्यामुळे ग्रंथाकडे केवळ माहितीचा साठा म्हणून पाहण्याची सवय जडली, आणि त्याच्या घडणीचा प्रश्न मागे पडला.

ती घडण असाधारण आहे. तोसा प्रांतातील मान्जिरो हा कोळ्याचा मुलगा १८४१ मध्ये चार सोबत्यांसह मासेमारीस गेला असता वादळात सापडला. तोरिशिमा या निर्जन बेटावरून अमेरिकन देवमासेमारी जहाज ‘जॉन हाउलंड’ याने त्यांची सुटका केली. कप्तान विल्यम व्हिटफील्ड यांच्या आश्रयाने मान्जिरो मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन येथे राहिला, इंग्रजी व नौकानयनशास्त्र शिकला आणि पुढे ‘फ्रँक्लिन’ जहाजावर देवमाशांच्या शिकारीस गेला. परदेशी गेलेल्यास स्वदेशी परतण्याची कायद्याने मनाई असतानाही तो १८५१ मध्ये दोन सोबत्यांसह र्‍युक्यु बेटांवर उतरला. सात्सुमा व नागासाकी येथील चौकश्या संपवून १८५२ मध्ये तो तोसास पोहोचला. तेथे त्याचे कथन लिहून घेण्याचे काम कावादा शोर्‍यो (१८२४–१८९८) या चित्रकाराकडे आले.

म्हणजे ज्याने समुद्र पाहिला होता त्याला जपानी लेखनाचे शिक्षण नव्हते, आणि चौदाव्या वर्षापासून परभाषेत वावरल्याने मातृभाषाही त्याच्या जिभेवर अडखळत होती. ज्याच्या हाती लेखणी व कुंचला होता त्याने ते जग पाहिलेले नव्हते. शोर्‍योने मान्जिरोला आपल्या घरी ठेवून घेतले. एकाने लेखन शिकविले, दुसर्‍याने इंग्रजी. ग्रंथ या देवघेवीतून सिद्ध झाला आहे.

या देवघेवीत शब्द कोठे अपुरा पडतो हे पाहण्यासारखे आहे. परतल्यानंतरच्या मान्जिरोच्या जबानीत आगगाडीस ‘रेइरो’ म्हटले आहे. हे इंग्रजी ‘रेलरोड’चे कानाने टिपलेले रूप होय. जपानीत ‘र’ आणि ‘ल’ हा भेद नाही, आणि अनुनासिक वगळता पदान्ती व्यंजन सहसा येत नाही. साहजिकच मूळ शब्दातील ‘ल’ आणि अन्त्य ‘ड’ दोन्ही लोपले. छापील अक्षरांवरून इंग्रजी शिकलेल्या माणसाने हे रूप दिले नसते. ते ऐकणार्‍याचे रूप आहे. मात्र जपानमध्ये कधी आगगाडी न पाहिलेल्या वाचकास ‘रेइरो’ हा ध्वनी काहीच सांगत नाही. त्याला ‘अग्निगाडी’ अशा अर्थाची जोड द्यावी लागते, आणि तीही अपुरी पडते. येथे चित्राचे कार्य सुरू होते. ग्रंथातील जहाजे, आगगाडी, जलपर्यटनाचे मार्ग दाखविणारे नकाशे यांची चित्रे पानांची शोभा नव्हेत. शब्दाने केवळ नाव ठेवले, अर्थ रेषेने दिला.

चित्रेही दुहेरी आहेत. काही रेखाटने मान्जिरोच्या हातची, तर काही शोर्‍योची. नाविकाची रेषा दोर, शिडे आणि नांगर वापरलेल्या माणसाची. चित्रकाराची रेषा पारंपरिक शिक्षणातून आलेली. शोर्‍योच्या सफाईने अपरिचित वस्तू परिचित वळणात बसविल्या जाण्याचा धोका होता, आणि तो सर्वत्र टळला असे म्हणवत नाही. तथापि हा दोष ग्रंथाच्या स्वरूपातच अटळ होता. न पाहिलेले काढणारा हात आपल्या सवयींवाचून चालू शकत नाही.

यातून संशोधनपद्धतीविषयीचा एक प्रश्न उभा राहतो. हा ग्रंथ हस्तलिखित प्रतींतून पसरला. नकलकार शब्द बर्‍याच अंशी जसाच्या तसा उतरवू शकतो. चित्र मात्र त्याला नव्याने काढावे लागते. म्हणजे अर्थाचा जो भाग शब्दाने चित्राकडे सोपविला, तोच प्रतोप्रती अधिक बदलण्याचा संभव. केवळ अक्षरांचे पाठभेद नोंदवून चित्रांना परिशिष्टात ढकलणारी पाठचिकित्सा येथे अर्धे काम करते. चित्रांचेही पाठभेद नोंदविले पाहिजेत. किंबहुना ‘रेइरो’सारखा शब्द आणि त्याशेजारचे चित्र हे एकच पाठस्थळ मानले पाहिजे.

कर्तृत्वाचा निर्णयही यावरच अवलंबून आहे. शोर्‍योस नुसता लेखनिक मानणे अन्यायाचे, आणि मान्जिरोस नुसता साक्षीदार मानणे त्याहून अन्यायाचे. पुढे मान्जिरोने बाउडिच यांच्या नौकानयनग्रंथाचा अनुवाद १८५७ मध्ये पुरा केला, आणि १८६० मध्ये ‘कान्रिन मारु’ जहाजावर दुभाष्या म्हणून तो पुन्हा अमेरिकेस गेला. ही योग्यता ज्याने मिळविली त्याची जडणघडण १८५२ च्या त्या सहवासातही झाली. ‘ह्योसोन किर्याकु’ हा दोघांचा ग्रंथ आहे, आणि तो तसाच वाचला गेला पाहिजे.