व्हॅटिकन येथील अर्थमिती-परिषद : पसंती आणि मर्यादा

दिनांक ७ ते १३ ऑक्टोबर १९६३ या काळात व्हॅटिकनच्या पाँटिफिकल विज्ञान अकादमीने विकासयोजनांच्या आखणीत अर्थमितीचे स्थान कोणते, या विषयावर एक अभ्याससप्ताह भरविला. तेथील निबंध व चर्चा १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. रॅग्नार फ्रिश, त्यालिंग कूपमन्स, वासिली लिओंतिएफ, रिचर्ड स्टोन, मोरिस आले आणि ट्रिग्वे हावेल्मो हे सहा अर्थशास्त्रज्ञ या सभेत होते, आणि त्या सहाही जणांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातून प्रशांतचंद्र महालनोबीस उपस्थित होते. अर्थमितीच्या इतिहासात इतके अधिकारी पुरुष एका विषयासाठी एकत्र आल्याचे प्रसंग थोडेच आहेत. म्हणूनच या सभेने काय साधले याबरोबरच कोणता प्रश्न तिच्या दृष्टीतून निसटला, हेही पाहणे अगत्याचे ठरते.

सभेतील विचारांची दोन टोके फ्रिश आणि कूपमन्स यांच्या निबंधांत स्पष्ट दिसतात. कूपमन्स यांचा निबंध इष्टतम आर्थिक वाढीच्या संकल्पनेविषयी आहे. राष्ट्राने आज किती उपभोगावे आणि पुढील पिढ्यांसाठी किती बचत करावी, हा त्यातील मूळ प्रश्न होय. फ्रँक रॅम्से यांनी १९२८ साली हाच प्रश्न हाताळताना भावी पिढ्यांच्या सुखाला कमी वजन देणे नीतिदृष्ट्या असमर्थनीय ठरविले होते. कूपमन्स यांनी या भूमिकेला गणिताची कसोटी लावली. कालाचा विचार अनंतापर्यंत नेला असता काही नैतिक निकषांतून कोणताही इष्टतम मार्ग निष्पन्नच होत नाही, असे त्यांना आढळले. उदाहरणार्थ, भावी पिढ्यांना आजच्या पिढीहून अधिक वजन दिले, तर ‘सर्वांत चांगली’ अशी योजनाच उरत नाही. यावरून त्यांचा निष्कर्ष असा की, लोकसंख्या व तंत्रज्ञान यांपासून होणारे परिणाम न पाहता नैतिक तत्त्व आधीच कायम करणे योग्य नव्हे.

‘अर्थमिती’ या अर्थाचा शब्द १९२६ साली रूढ करणाऱ्या फ्रिश यांचा रोख निराळा होता. वास्तवाशी नाते तुटलेल्या गणिती करमणुकीला त्यांनी पुढे १९७० च्या सुमारास ‘प्लेओमेट्रिक्स’ असे उपरोधिक नाव दिले. त्या टीकेचे बीज व्हॅटिकनमधील निबंधात आहे. तेथे त्यांनी नियोजनाचे दोन टप्पे कल्पिले : निवड आणि अंमलबजावणी. प्रथम शक्य असलेल्या मार्गांतून देशाच्या पसंतीनुसार उत्तम मार्ग निवडावा. तो कोणत्या संस्थांच्या द्वारे प्रत्यक्षात आणावा, हा विचार त्यानंतर करावा. ही पसंती राज्यकर्त्यांच्या मुलाखती घेऊन ठरवावी, तिच्या आधारे काढलेले उत्तर त्यांच्यापुढे ठेवावे, आणि ते न रुचल्यास पसंतीची मांडणी बदलून गणित पुन्हा करावे, अशी त्यांची पद्धती होती.

वरवर परस्परविरोधी वाटणारे हे दोन पंडित एका महत्त्वाच्या बाबतीत जवळ येतात. परिणाम पाहिल्यावाचून पसंती ठरत नाही, हे दोघांनाही मान्य आहे. अमूर्त गणिताचा आरोप कूपमन्स यांच्यावर सहज करता येतो. परंतु मूल्यांची परीक्षा परिणामांतून करावी, हा त्यांचा धडा व्यवहाराला फ्रिश यांच्या मुलाखतींइतकाच उपयोगी आहे. दोघांच्याही विवेचनात उणीव राहते ती दुसऱ्या बाजूस. पसंती पुनःपुन्हा तपासली जाते. शक्यतेच्या मर्यादा मात्र गृहीत धरल्या जातात. कोणती अडचण समीकरणात घालावी आणि कोणती ‘अंमलबजावणी’कडे सोपवावी, हा निर्णय प्रतिमान रचणाराच घेतो, आणि या निर्णयातही मूल्ये दडलेली असतात.

याचा पुरावा भारताच्या अनुभवात सापडतो. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी (१९५६-६१) महालनोबीस यांनी १९५५ साली चार क्षेत्रांचे प्रतिमान मांडले. एकूण गुंतवणूक, अपेक्षित उत्पन्नवाढ आणि अपेक्षित रोजगार या तीन अटींवरून तीन क्षेत्रांतील गुंतवणूक काढण्यात आली. चौथ्या, म्हणजे भांडवली वस्तूंच्या क्षेत्राचा एक तृतीयांश वाटा मात्र अगोदरच निश्चित केलेला होता. योजनेचा प्राण असलेला आकडा अशा रीतीने गणिताच्या बाहेरून आला. रियुतारो कोमिया यांनी १९५९ साली दाखवून दिले की, तेच गुणक घेऊनही याहून अधिक उत्पन्न व अधिक रोजगार देणारी वाटणी शक्य होती.

मुंबई विद्यापीठाचे सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांचा १९५६ सालचा आक्षेप याहून मूलगामी होता. गरीब देशातील खरी अडचण यंत्रांच्या तुटवड्याची नसून कामावर येणाऱ्या मजुराला लागणाऱ्या अन्न, वस्त्र इत्यादी वेतनवस्तूंच्या तुटवड्याची आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. त्यांच्या उपायांशी कोणाचे मतभेद असू शकतील. पण वाद कोणत्या जागी घालावयास हवा, ती जागा त्यांनी अचूक हेरली होती. त्यांनी नियोजकाच्या पसंतीला नव्हे, तर त्याने मानलेल्या मर्यादेला आव्हान दिले. प्रतिमानात परदेशी व्यापाराला स्थान नव्हते. १९५७-५८ साली परकीय चलनाचा तुटवडा योजनेला भोवला. ऑगस्ट १९५६ मध्येच अमेरिकेशी पी. एल. ४८० खाली धान्याचा करार करावा लागला होता. जे समीकरणाबाहेर राहिले, ते व्यवहारात पुढे येऊन उभे ठाकले.

या सभेचे श्रेय यामुळे कमी होत नाही. पिढ्यापिढ्यांमधील न्यायाचा प्रश्न तिने काटेकोर भाषेत मांडला. वाढीबरोबर मागणीची घडणही बदलते, हा लुईजी पासिनेत्ती यांचा विचारही तेथे मांडला गेला, व १९८१ साली त्यांच्या ग्रंथात विस्तार पावला. तथापि, निवडीला अंमलबजावणीपासून अलग करणारी विभागणी गरीब देशांच्या नियोजनाला पुरेशी पडत नाही. जेथे धान्य, चलन आणि प्रशासन हीच दुर्मीळ साधने असतात, तेथे अंमलबजावणी निवडीच्या मागून येत नाही. काय निवडता येईल हे तीच ठरविते. म्हणून राज्यकर्त्याला त्याची पसंती विचारणाऱ्या अर्थमितीज्ञाने शेतकरी, मजूर आणि आयातदार यांच्या अडचणींचाही तितक्याच साक्षेपाने शोध घ्यावयास हवा. या दुसऱ्या शोधाची पद्धती व्हॅटिकनच्या सभेने दिली नाही. तिची आवश्यकता त्या सभेच्या ग्रंथाइतकी स्पष्टपणे मात्र क्वचितच अन्यत्र जाणवते.