तिशीतले रॅपवृद्ध

तिशी गाठण्याआधीच म्हातारी झालेली एक पिढी सध्या भारतीय रॅपच्या ओसरीवर बसली आहे. नेझीचं ‘आफत’ 2014 चं, डिव्हाइन आणि नेझीचं ‘मेरे गली में’ 2015 चं. दोन्हींची दशकपूर्ती नुकतीच होऊन गेली आणि तेव्हापासून पॉडकास्टमध्ये, स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून आलेल्या माजी विद्यार्थ्याच्या भाषणात, टपरीवरच्या चहात एकच रडगाणं चालू आहे: खरं रॅप तेव्हाचं, आताचं सगळं धंदेवाईक. नाट्यसंगीताच्या रसिकांना या अवस्थेला पोचायला निदान दोन पिढ्या तरी लागल्या होत्या. यांचं दहा वर्षांत भागलं.

हा आजार हुलसूरपर्यंत पोचतो तेव्हा मात्र गंमत संपते. बिदर जिल्ह्याच्या पश्चिमेकडचं हे गाव अलीकडेच तालुक्याचं ठिकाण झालं. एकीकडे बसवकल्याण, दुसरीकडे भालकी, आणि शीव ओलांडली की महाराष्ट्रातला निलंगा तालुका. या पट्ट्यात मुंबईचं रॅप आलं ते रिचार्जच्या दुकानात भरून मिळणाऱ्या मेमरी कार्डातून. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि कार्डाची गरज उरली नाही. कुर्ल्याचा पिनकोड ओठांवर खेळवणारी, एकमेकांना ‘बंटाय’ म्हणणारी पोरं इथेही तयार झाली. कुर्ला त्यांनी पाहिलेला नव्हता. आज तीच पोरं बापमाणसं झाली आहेत आणि मुंबईच्या त्या गल्लीसाठी उसासे टाकतात. न पाहिलेल्या गल्लीचा विरह जडवणं ही गाण्याची ताकद, याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. त्या विरहापायी दारातलं बोलणं गाण्याच्या लायकीचं वाटेनासं झालं आहे.

मुळात हे रडगाणं स्वतःच जुनं आहे. ब्राँक्समधल्या 1520 सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कने 11 ऑगस्ट 1973 रोजी बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या, तो हिपहॉपचा जन्मदिवस मानला जातो. त्यानंतर जेमतेम एकवीस वर्षांनी, 1994 मध्ये, शिकागोच्या कॉमनने ‘आय यूज्ड टू लव्ह एच.ई.आर.’ लिहिलं. हिपहॉप म्हणजे एकेकाळची प्रेयसी, आता वाया गेलेली, असा त्याचा सूर. गंमत वर्षात आहे. 1994 हेच नासच्या ‘इलमॅटिक’चं वर्ष. आजचे रॅपवृद्ध ज्या काळाला सुवर्णयुग म्हणून नमस्कार करतात, त्या काळाच्या ऐन मध्यावर उभा राहून एक मोठा रॅपर सुवर्णयुग संपल्याचं सांगत होता. पुढे नासलाही तीच लागण झाली. 2006 च्या अल्बमचं नावच त्याने ‘हिपहॉप इज डेड’ ठेवलं. पठ्ठ्या त्यानंतरही गात राहिला आणि 2021 मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याला पहिलं ग्रॅमी मिळालं. मृत कलेच्या मानाने ही प्रगती बरी म्हणायची.

पण याच नासच्या ‘इलमॅटिक’कडे दुसऱ्या बाजूने पाहायला हवं, कारण जुन्याशी कसं वागावं याचा धडा तिथे आहे. वीस वर्षांच्या या पोराने अल्बमची सुरुवात 1983 च्या ‘वाइल्ड स्टाइल’ या सिनेमातल्या आवाजांनी केली. म्हणजे आपल्या बालपणीचं हिपहॉप त्याने दारातच मांडलं. एका गाण्यात जॅझवाल्या बापाला, ओलू दाराला, कॉर्नेट वाजवायला बसवलं. आणि त्यावर बोलला मात्र स्वतःच्या इमारतींविषयी, 1994 च्या क्वीन्सब्रिजविषयी. सॅम्पलिंगचं सगळं शास्त्र यात येतं. द विन्स्टन्स या बँडच्या 1969 च्या तबकडीतले काही सेकंदांचे ड्रम पुढच्या पिढ्यांनी हजारो गाण्यांत कापून, उलटून, वेग बदलून वापरले. 1991 च्या एका न्यायालयीन निकालानंतर परवानगीशिवाय सॅम्पल घेणं महागात पडू लागलं, तरी ती सवय मेली नाही. रॅपवाला जुन्या तबकडीवर सुरी चालवतो. रॅपवृद्ध तिला हार घालतो.

आता ज्या सुवर्णयुगाचा एवढा गजर चालतो ते तपासू. 2013 ते 2019: डिव्हाइनच्या ‘ये मेरा बॉम्बे’पासून झोया अख्तरच्या ‘गली बॉय’पर्यंत. त्यातलं उत्तम ते उत्तमच. नेझीने आयपॅडवर रेकॉर्ड केलेल्या ‘आफत’मध्ये जी चपळाई आहे, श्वास कुठे घेतला हे कळू न देण्याची, ती आजही थक्क करते. पण हे युग बोललं ते जवळजवळ एकाच भाषेत, एका शहराच्या हिंदीत. ‘गली बॉय’मध्येच ‘इंडिया 91’ नावाचं गाणं होतं. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी बांधलेलं, अनेक भाषांतले रॅपर एका ठेक्यावर आणणारं. त्यात अमरावतीचा सौरभ अभ्यंकर म्हणजे ‘100आरबीएच’ होता, ‘स्वदेसी’ या रॅपगटाचा एमसी मवाली आणि गुजराती रॅप करणारा एमसी तोडफोड होता. सिनेमा पाहिलेल्यांना ‘अपना टाइम आएगा’ पाठ आहे. ‘इंडिया 91’ किती जणांना आठवतं? स्मरणरंजनाचा हाच दोष. ते त्या काळातलं सर्वांत प्रसिद्ध गाणं जपतं आणि त्या काळातलं सर्वांत पुढचं गाणं हरवून बसतं.

बाकीचा हिशेब लवकर आटपतो. डिव्हाइनचे ‘कोहिनूर’, ‘पुण्य पाप’, ‘गुनेहगार’ हे एकाच गल्लीला घातलेल्या वाढत्या खर्चाच्या प्रदक्षिणा आहेत. ‘हसल’सारख्या टीव्ही स्पर्धांनी रॅपला दमसासाची परीक्षा करून टाकलं. शहराच्या कौतुकाचं पुणेरी रॅप म्हणजे पर्यटन खात्याने न मागितलेली मदत. कन्नडमध्ये चंदन शेट्टीच्या ‘मूरे मूरु पेग’ने 2016 मध्ये वराती जिंकल्या, तिथेच तो विषय संपतो. हनुमानकाइंडचं ‘बिग डॉग्स’ 2024 मध्ये जगभर गाजलं. मौत का कुआँमधलं त्याचं चित्रीकरण अप्रतिम, इंग्रजी इंग्रजीसारखी.

लक्ष द्यावं असं काम दुसरीकडे चाललं आहे, आणि बहुतेक मराठीत. ‘स्वदेसी’ने 2019 मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. आरेतल्या पाड्यांवरचे कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे, आणि त्याला शोभेच्या वस्तूसारखा कोपऱ्यात ठेवलेला नाही. गाण्याचा कणा तोच आहे. रॅप त्याच्या आजूबाजूने येतं, त्याला अडवत नाही, त्याची री ओढतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्या रात्रीपासून आरेतली झाडं पडू लागली. गाणं आधी आलं होतं. इथे लोकसंगीताचा वापर झाला असं म्हणणं चुकीचं ठरेल; लोकसंगीतानेच रॅपला कामाला लावलं. एमसी तोडफोड मार्च 2022 मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला, पण भाषा न बदलता मुंबईत रॅप करता येतं हे तो दाखवून गेला.

100आरबीएचचं तर स्वतंत्र मूल्यमापन व्हायला हवं. 2023 च्या ‘हसल’च्या तिसऱ्या पर्वात तो आला तेव्हा त्या चकचकीत मंचावर वऱ्हाडी हेल ऐकू आला, आणि त्यासोबत राजकारण आलं. त्याची ताकद यमकात नाही. यमकं त्याची कधीकधी ओबडधोबडच असतात. ताकद आहे ती वाक्य मध्येच मोडून पुढच्या मात्रेवर टाकण्यात, गावाकडचा माणूस वाद घालताना जसा शेवटचा शब्द राखून ठेवतो तसं. हे कुठल्याही अमेरिकी तबकडीतून आलेलं नाही. पुण्याचा संबाटा त्याच्यापेक्षा गुळगुळीत, ध्वनी अधिक आधुनिक, धोका कमी.

धोक्याचं म्हणाल तर एप्रिल 2023 पाहावा. त्या एका महिन्यात मराठी रॅपवरून तीन पोलीस प्रकरणं गाजली. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर राज्यातल्या सत्तांतराच्या गाण्यावरून गुन्हा दाखल झाला. उमेश खाडेवर राजकारण्यांना सुनावणाऱ्या गाण्यावरून. तिसरं प्रकरण पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत चित्रित केलेल्या शिवराळ रॅपचं, आणि चर्चा सगळ्यात जास्त झाली ती त्याचीच. पहिल्या दोघांच्या गाण्यांत ठेका साधा आहे, ध्वनिमुद्रण साधं आहे. रॅपवृद्धांनी नाक मुरडलं. आमच्या वेळी असं कच्चं नव्हतं म्हणे! तुमच्या वेळी ते आयपॅडवर होत होतं, महाराज.

शाहिरीचा वारसा सांगायची फॅशन आता रॅपमध्येही आली आहे, पण तो सांगणाऱ्यांना शाहिरी बहुधा पोवाड्याच्या डफापुरती आठवते. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. गावी राहिलेली ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख, असंही ती वाचली जाते. त्या मुलखात हुलसूर मोडतं. बिदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो फुटला, उदगीर-निलंगा इकडे आले, हुलसूर-भालकी तिकडे गेले. सीमावादावर 1967 चा महाजन आयोगाचा अहवाल झाला, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दावा दाखल झाला त्या साली जन्मलेलं पोर आज विशी पार करून बसलं आहे. ते मराठीत घरी भांडतं, कन्नडमध्ये शाळा शिकलं आहे आणि बाजारात दखनी बोलतं.

यापेक्षा चांगला कच्चा माल रॅपला कुठे मिळणार? बिदर ही बहमनींची राजधानी. दखनीतलं सर्वांत जुनं मानलं जाणारं ‘कदम राव पदम राव’ हे निजामीचं काव्य पंधराव्या शतकात इथेच लिहिलं गेलं. शेजारी कल्याण, म्हणजे आजचं बसवकल्याण. बाराव्या शतकात तिथल्या शरण संतांनी संस्कृत बाजूला सारून बाजारातल्या कन्नडमध्ये वचनं म्हटली. त्यांत बसवण्णा होते तसे चामड्याचं काम करणारे हरळय्याही होते. छंदाच्या चौकटीत न बसणारं, पण बोलण्याच्या लयीवर तोललेलं ते वाङ्मय. रॅपच्या जातकुळीशी त्याचं नातं लावायला ओढाताण करावी लागत नाही. आणि मराठीचं बघा. ‘काय करलालास’ म्हणताना जिभेला जो दुहेरी ठोका बसतो, तो प्रमाण मराठीच्या ‘काय करतोस’मध्ये नाही. बंगळुरूच्या नीलसंद्र्याचा पाशा भाई दखनीत रॅप करतो आणि लोक कान देऊन ऐकतात. हैदराबादच्या रूहान अर्शदचं ‘मियाँ भाई’ तर तिकडच्या बोलीवरच तरलं. तमिळमध्ये अरिवूने 2021 च्या ‘एंजॉय एंजामी’त आजीच्या पिढीची चहामळ्यांतली मजुरी आणि ओप्पारीचा विलाप आणला, तेव्हा त्याला कोणी ग्रामीण म्हणून बाजूला बसवलं नाही. मग हुलसूर-भालकीच्या तिपेडी बोलीतलं एकही नाव मराठी रॅपच्या चर्चेत का घेतलं जात नाही?

दोष एकट्या रॅपवृद्धांवर टाकून चालणार नाही. त्यांचे थोरले भाऊ सीमेच्या अलीकडे, सभा-संमेलनांत बसले आहेत. सीमाभागातल्या मराठी माणसाने काय गावं हे त्यांनी ठरवून टाकलं आहे: विरह. त्याने कळवळावं, 1956 ची जखम दाखवावी, मराठीची पालखी वाहावी. त्याच्या मराठीत कन्नड क्रियापद घुसलं की यांना भाषा भ्रष्ट झाल्याचं दुःख होतं, दखनी शिवी आली की संस्कृती बुडते. पाऊणशे वर्षांच्या आतबाहेर असलेलं हे स्मरणरंजन आणि दहा वर्षांचं रॅपमधलं स्मरणरंजन यांचं फळ एकच. दोघांनाही आजचं, मिसळलेलं, ओबडधोबड बोलणं नको आहे. एकाला त्यात कुर्ला दिसत नाही म्हणून, दुसऱ्याला पुणे.

पंच्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन एप्रिल 2022 मध्ये उदगीरला भरलं. सीमाभागातल्या मराठीसाठी याहून जवळचा मंच मिळणं कठीण. संमेलनांत सीमाप्रश्नाचे ठराव होत आले आहेत, पुढेही होतील, व्हावेतही. पण ठरावाची भाषा सोलापुरात, लातुरात, उदगिरात एकसारखीच असते, आणि ज्याच्यासाठी ठराव मांडायचा त्याच्या तोंडची भाषा मांडवात कुठेच नसते. बोली वाचवायच्या म्हणून परिसंवाद घ्यायचे आणि त्या बोलीत आज, मोठ्या आवाजात, रागाने बोलणाऱ्या पोराला मांडवाबाहेर डीजेच्या गाडीपाशी सोडून द्यायचं, याला संवर्धन म्हणतात.

तेव्हा यापुढे बिदर-लातूर पट्ट्यात जे कोणी मराठी संमेलन, व्याख्यानमाला, शिवजयंतीचा किंवा 14 एप्रिलचा कार्यक्रम भरवतील त्यांनी एवढं करावं: रात्रीच्या कविसंमेलनातला अर्धा तास हुलसूर, भालकी, बसवकल्याण, औराद इथल्या रॅप करणाऱ्या पोरांना द्यावा. माइक चालू ठेवावा, भाषा तपासू नये, आणि ‘आफत’ म्हणून दाखव अशी फर्माईश कोणी करू नये.