खानदेशातील घटता जन्मदर : यशाच्या मोजमापाची चिकित्सा
(विशेष संदर्भ : जळगाव व धुळे जिल्हे)

प्रस्तावना

विकसनशील देशांतील जन्मदराची दीर्घकालीन घट ही सर्वसाधारणपणे प्रगतीची निदर्शक मानली जाते. जनसंख्या संक्रमण सिद्धांतानुसार प्रथम मृत्युदर घटतो, कालांतराने जन्मदर घटतो आणि मधल्या काळात लोकसंख्या वेगाने वाढते. भारतात १९२१ नंतर मृत्युदर उतरू लागला व १९५२ मध्ये शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.८६, २००५-०६ मध्ये २.११, तर २०१९-२१ मध्ये १.७ होता. २.१ ही प्रतिस्थापन पातळी राज्याने मागे टाकली, एवढे सांगून हा विषय बहुधा संपविला जातो. खानदेशातील आकडेवारी मात्र या समाधानाला छेद देते.

दोन जिल्हे, दोन चित्रे

२००१ ते २०११ या दशकात जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १४.९ टक्क्यांनी, तर धुळे जिल्ह्याची सुमारे २०.१ टक्क्यांनी वाढली. राज्याची वाढ १६ टक्के होती. केवळ वाढीच्या निकषावर जळगाव पुढारलेला व धुळे मागासलेला ठरतो. परंतु शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण पाहिले, तर हा क्रम उलटतो. जळगावात ते २००१ मधील ८८० वरून २०११ मध्ये ८४२ वर आले; धुळ्यात ९०७ वरून ८९८ झाले. राज्याची २०११ ची सरासरी ८९४ होती. केळी व कापसाच्या उत्पन्नावर संपन्न झालेल्या जिल्ह्यात मुलींची संख्या अधिक वेगाने घटली, हे वास्तव विचार करावयास लावणारे आहे.

कारणमीमांसा

मोनिका दासगुप्ता व मारी भट यांनी १९९७ मध्ये दाखविल्याप्रमाणे जननदर घटताना दोन परस्परविरोधी परिणाम संभवतात. मुलींविषयीचा भेदभाव नंतरच्या अपत्यक्रमात तीव्र असतो. असे जन्म कमी झाल्याने तो काहीसा सौम्य होतो. उलटपक्षी, अपेक्षित अपत्यसंख्या जितक्या वेगाने घटते तितक्या वेगाने अपेक्षित मुलग्यांची संख्या घटत नाही; त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या अपत्यापासूनच निवड सुरू होते. जळगावचे आकडे दुसऱ्या परिणामाकडे निर्देश करतात. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये, तर केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. तरीही ही घसरण झाली.

धुळ्याचे चित्र मात्र निर्दोष मानता येत नाही. २०११ मध्ये तेथे अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३१.६ टक्के, तर जळगावात १४.३ टक्के होते. भिल्ल, पावरा आदी समाजांत हुंड्याऐवजी देज देण्याची प्रथा असल्याने मुलगी आर्थिक भार मानली जात नाही. जिल्ह्याच्या सरासरीत हा भेद दडून राहतो. शिवाय २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार धुळ्यात २० ते २४ वयोगटातील सुमारे ४० टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला होता. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते.

मोजमापाच्या मर्यादा

नमुना नोंदणी पद्धतीतील जन्मदराचे आकडे राज्यपातळीवरील असतात. परिणामी जिल्ह्याच्या दशवार्षिक वाढीवरून जन्मदराचे अनुमान काढण्याची सवय लागली आहे. या वाढीत स्थलांतर मिसळलेले असते आणि खानदेशातून सुरतेकडे जाणारा श्रमिकांचा ओघ सर्वश्रुत आहे. दुसरे असे की, २.१ ही प्रतिस्थापन पातळी मुला-मुलींचे जन्म नैसर्गिक प्रमाणात होतात, हे गृहीत धरते. मुली कमी जन्मत असतील, तर पिढीचे प्रतिस्थापन होण्यास अधिक जननदर लागतो. तिसरे, जन्मदर घटविण्याचा भार कोणावर पडला, हे या आकड्यातून कळत नाही. २०१९-२१ मध्ये राज्यातील सुमारे ४९ टक्के विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रियेचा मार्ग स्वीकारलेला होता. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही नव्हते. २००१ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांना लागू झालेली दोन अपत्यांची अट कुटुंबाचा आकार मोजते, घरातील मुलीचे स्थान मोजत नाही.

समारोप

जन्मदराची घट हे साध्य नसून स्त्रीचे शिक्षण, विवाहाचे वय आणि निर्णयस्वातंत्र्य यांचा तो परिणाम असावयास हवा. हे घटक न बदलता घडलेली घट समाजाला दुसरीकडे किंमत मोजावयास लावते. २०११ मध्ये शून्य ते सहा वयोगटात मोजल्या गेलेल्या पिढीतील थोरली मुले आज महाविद्यालयांत शिकत आहेत; विवाहयोग्य वयात ही तफावत त्यांच्यासमोर उभी राहणार आहे. २०२७ च्या जनगणनेचे आकडे हाती येतील तेव्हा जन्मदर, बाल लिंग गुणोत्तर व विवाहाचे वय ही तिन्ही परिमाणे तालुकानिहाय आणि एकत्रित वाचली जाणे अगत्याचे आहे. तसे न झाल्यास जळगावची उणीव यश म्हणून आणि धुळ्याचे प्रश्न केवळ मागासलेपण म्हणून नोंदले जात राहतील.